प्रेमाने पाहिलेली वाट : लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६)



सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्रपंडिताने प्रभू येशूला विचारले होते. प्रभूने देवावरील आणि शेजाऱ्यावरील प्रीतीच्या दोन आज्ञा त्याच्यापुढे ठेवल्या व सारे नियमशास्त्र त्यांवरच अवलंबून आहे असे सांगितले. म्हणजे नियम नकोत असे नव्हे. मग रोजच्या संसारात नियम आणि प्रीती यांची सांगड कशी घालायची? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला एका मराठी घराची आठवण होते. आपल्या शहरातून गोदावरी ओलांडून गेले की लागणाऱ्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) भागात ते घर मोडता मोडता पुन्हा उभे राहिले.

लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या त्या मनकर्णिका गोखले. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या एका जवळच्या नातलगाला फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांनी सोवळ्याचा असा ध्यास घेतला, की बाजारातून आणलेले धान्यदेखील धुऊन घ्यावे लागे. घरातल्या माणसांना त्याचा मोठा जाच होई. नियम कडक आणि माया पातळ झाली की घराचे काय होते, हे लक्ष्मीबाईंनी लहानपणीच पाहिले.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळक मोठे कवी, पण तापट आणि लहरी. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन ओढून घेतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला विश्वासात न घेता उचललेले हे पाऊल होते. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. पदरी लहानगा दत्तू. पुढे त्या पंढरपूरला नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. सुमारे पाच वर्षे पती-पत्नीची ताटातूट झाली.

येथे नियम काय सांगत होता, हे पाहण्यासारखे आहे. धर्मांतरामुळे जोडीदाराने सोबत राहण्यास नकार दिला, तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला न्यायालयात जाऊन विवाह रद्द करून घेण्याची मुभा १८६६ च्या सरकारी कायद्याने दिली होती. टिळक प्रोटेस्टंट होते. परंतु आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या कायद्यातही, दोघांचा बाप्तिस्मा झालेला नसताना लागलेल्या लग्नाबाबत, संत पौलाच्या शिकवणीवर आधारलेली अशी सवलत ठराविक अटींवर आहे. मात्र करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या त्याच सातव्या अध्यायात संत पौल हेही सांगतो, की विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहण्यास राजी असेल तर त्याला सोडू नये.

टिळकांनी मोकळे होण्याची वाट धरली नाही. ते पत्नीला पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. अखेर लक्ष्मीबाई आल्या, पण आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊनच. ख्रिस्ती पतीच्या संसारात त्यांचा स्वयंपाक, त्यांचे पाणी वेगळे. टिळकांनी बाप्तिस्म्याची अट घातली नाही. त्यांना हवी होती ती पत्नी. तिचा विश्वास त्यांनी देवाच्या हाती सोपवला.

पुढे राहुरीला असताना लक्ष्मीबाईंच्या मनात विचार आला, की देवाने माणूस निर्माण केला. जाती केल्या त्या माणसांनी. मग यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असे त्यांनी ठरवून टाकले. हा बदल बाप्तिस्म्याच्या आधीचा. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाने. धान्यदेखील धुऊन घेणाऱ्या घरातली ही मुलगी पुढे अनाथ, निराधार लेकरांची आई झाली.

१९१९ साली टिळक वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळेचे फारसे शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घालून ते पुरे केले. त्यांची 'स्मृतिचित्रे' आजही मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत गणली जातात. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला.

बंधू-भगिनींनो, सोवळे केवळ स्वयंपाकघरातले नसते. आम्ही शुक्रवारी मांस वर्ज्य करतो, रविवारची मिस्सा चुकवत नाही. ते योग्यच आहे. पण मुलाने परधर्मीय मुलीशी लग्न केले म्हणून त्याच्या घरची पायरी न चढणारे आईवडील आमच्यातही आहेत. सून प्रार्थनेला बसत नाही म्हणून तिच्याशी अबोला धरणारी घरे आहेत. अशा वेळी आम्ही नियमाचा आधार घेतो. परंतु ख्रिस्तसभेचा कोणता नियम आम्हाला अबोला धरायला सांगतो?

नियम आम्हाला कोठे थांबायचे ते सांगतो. कोणासाठी थांबायचे, हे प्रीती शिकवते. टिळकांची चूक झाली ती पत्नीला न विचारण्यात, आणि ती त्यांनी वाट पाहून भरून काढली. या आठवड्यात ज्या घराची पायरी आपण चढलेलो नाही, तेथे एकदा जाऊन येऊ या. प्रभू आम्हांस तेवढे बळ देवो.