एमिल लव्हासॉर

एमिल लव्हासॉर (२१ जानेवारी १८४३ – १४ एप्रिल १८९७) हे फ्रेंच अभियंते, मोटारगाडी उद्योगाचे आद्य प्रवर्तक आणि आरंभीच्या काळातील स्पर्धाचालक होते. पुढच्या बाजूस इंजिन, त्यामागे क्लच, त्यामागे सरकत्या दंतचक्रांची गिअरपेटी आणि तेथून मागील चाकांना गती, ही मोटारगाडीची रचना त्यांनी रूढ केली. हाताने गिअर बदलण्याची पद्धत पुढे शतकभर ज्या तत्त्वावर चालत आली, तिचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते.

जीवन

लव्हासॉर यांचा जन्म पॅरिसच्या दक्षिणेकडील मारोल या गावी झाला. पॅरिसच्या ‘एकोल सांत्राल’ या अभियांत्रिकी विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. तेथेच त्यांचा रने पानार यांच्याशी स्नेह जुळला. शिक्षणानंतर त्यांनी काही काळ बेल्जियममधील कॉकरिल कारखान्यात काम केले. त्यानंतर ते पॅरिसला परतले आणि पेरँ व पानार यांच्या व्यवसायात सामील झाले. हा कारखाना लाकूड कापण्याची व घडवण्याची यंत्रे तयार करण्याबद्दल प्रसिद्ध होता. पेरँ यांच्या निधनानंतर, १८८६ मध्ये, तो ‘पानार ए लव्हासॉर’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

जर्मन संशोधक गोटलीब डाइमलर यांच्या इंजिनांचे फ्रान्समधील हक्क एदुआर साराझँ यांच्याकडे होते. साराझँ यांचे १८८७ च्या अखेरीस निधन झाले. त्यांच्या पत्नी लुईझ यांनी हा व्यवहार सोडून दिला नाही. त्यांनी स्वतः डाइमलर यांच्याशी बोलणी करून हक्क आपल्याकडे राखले. त्या हक्कांखाली इंजिने तयार करण्याचे काम पानार व लव्हासॉर यांच्या कारखान्याकडे आले. १८९० मध्ये लुईझ आणि लव्हासॉर यांचा विवाह झाला. फ्रान्समधील मोटार उद्योगाच्या उभारणीत लुईझ यांच्या या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. मात्र पतीच्या नावापुढे त्यांचे नाव बराच काळ मागे राहिले.

गिअरपेटीची रचना

आरंभीच्या बहुतेक मोटारगाड्यांत इंजिन आसनाखाली किंवा मागे असे आणि वेग बदलण्यासाठी चामड्याचे पट्टे वापरले जात. पट्टे ओले झाले की निसटत आणि भार वाढला की घसरत. १८९१ च्या सुमारास लव्हासॉर यांनी इंजिन पुढे नेले आणि पट्ट्यांऐवजी पोलादी दंतचक्रे योजली. अशी सरकती चक्रे कारखान्यातील यंत्रांवर आधीपासून वापरात होती. धावत्या गाडीत ती बसवून प्रत्यक्ष रस्त्यावर उपयोगी ठरवणे, हे लव्हासॉर यांचे कार्य होय.

या रचनेत दोन समांतर दांडे असतात. एकावर वेगवेगळ्या आकारांची दंतचक्रे पक्की बसवलेली असतात. दुसऱ्यावरील चक्रे दांड्याबरोबर फिरतात, पण त्याच्या लांबीवर मागेपुढे सरकू शकतात. चालक दांडी हलवतो तेव्हा हव्या त्या जोडीचे दाते एकमेकांत गुंततात. उदाहरणार्थ, इंजिनाकडील चक्राला २० आणि चाकांकडील चक्राला ६० दाते असतील, तर गती एक तृतीयांश होते आणि घर्षण वजा जाता फिरवण्याचे बळ तिप्पट होते. म्हणून गाडी हलवताना किंवा चढ चढताना खालचा गिअर लागतो आणि सपाट रस्त्यावर वरचा गिअर पुरतो.

या पद्धतीत एक उघड दोष होता. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या चक्रांचे दाते जुळवताना खरखर होई, हिसका बसे आणि कधी दाते तुटत. आपली योजना ओबडधोबड आहे याची लव्हासॉर यांना जाणीव होती. पण ती काम करते, हेच त्यांच्या दृष्टीने निर्णायक होते. यंत्रात जी उणीव राहिली, ती चालकाच्या हातापायांच्या कौशल्याने भरून काढावी लागली.

स्पर्धा

१८९४ च्या पॅरिस–रुआँ चाचणीत पहिले पारितोषिक पानार ए लव्हासॉर आणि प्यूजो या दोन कंपन्यांना विभागून मिळाले. ११ जून १८९५ रोजी पॅरिस–बोर्दो–पॅरिस ही सुमारे १,१७८ किलोमीटरची शर्यत सुरू झाली. लव्हासॉर यांच्या गाडीचे इंजिन जेमतेम ४ अश्वशक्तीचे होते. ठरलेल्या ठिकाणी ते अपेक्षेपेक्षा बरेच लवकर पोहोचले. त्यांच्या जागी बसणारा चालक तेव्हा झोपलेला होता. लव्हासॉर तसेच पुढे निघाले आणि अल्प थांबे वगळता संपूर्ण अंतर त्यांनी स्वतःच गाडी चालवली. सुमारे ४८ तास ४८ मिनिटांत, म्हणजे ताशी सरासरी २४ किलोमीटर वेगाने, ते पॅरिसला परतले. दुसऱ्या क्रमांकाची गाडी त्यांच्यानंतर जवळपास सहा तासांनी आली. तरीही पहिले पारितोषिक त्यांना मिळाले नाही. नियमानुसार ते चार आसनी गाडीसाठी होते आणि लव्हासॉर यांची गाडी दोन आसनी होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये सुरू झालेल्या पॅरिस–मार्से–पॅरिस शर्यतीत आव्हिन्यों परिसरात रस्त्यात आलेल्या कुत्र्यामुळे त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि ते बाहेर फेकले गेले. या दुखापतीतून ते पूर्णपणे सावरले नाहीत. १४ एप्रिल १८९७ रोजी पॅरिस येथे, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पुढील विकास

लुई रेनॉ यांनी १८९९ मध्ये वरच्या गिअरमध्ये इंजिनाची गती थेट पुढे नेणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. इंजिनाचा वेग चालकाच्या ताब्यात आल्यावर दोनदा क्लच दाबण्याची सवय रूढ झाली: क्लच दाबून गाडी न्यूट्रल करायची, क्लच सोडून किंचित अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा आणि पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. त्यामुळे दोन्ही चक्रांची गती जुळते. वळणापूर्वी ब्रेक लावत असतानाच त्याच पायाच्या टाचेने अ‍ॅक्सिलरेटर देण्याची स्पोर्ट्‌स गाड्यांच्या चालकांची लकब याच गरजेतून आली. १९२८ मध्ये कॅडिलॅक कंपनीने आणलेल्या सिंक्रोमेश रचनेत गती जुळवण्याचे काम गिअरपेटीच करू लागली. मात्र आजही अनेक गाड्यांचा रिव्हर्स गिअर सरकत्या चक्राचा असतो. गाडी पूर्ण थांबण्याआधी तो टाकल्यास होणारी खरखर लव्हासॉर यांच्या काळाची आठवण करून देते.

घाटरस्त्यांवरील महत्त्व

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या डोंगराळ भागात आहेत. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वराकडे जाताना तोरंगण घाट लागतो. अशा रस्त्यांवर गिअरची निवड ही केवळ सोयीची बाब नसते. चढताना योग्य वेळी खालचा गिअर न टाकल्यास इंजिन बंद पडते. उतरताना खालचा गिअर ठेवल्यास इंजिनच गाडीला आवरून धरते आणि ब्रेकवरील भार कमी होतो. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतरवल्यास सारा भार ब्रेकवर येतो. ते तापून निकामी होऊ शकतात. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असा संकेत जुन्या चालकांमध्ये रूढ आहे.

स्मारक

पॅरिसमधील पोर्त मायो येथे १९०७ मध्ये लव्हासॉर यांचे स्मारक उभारण्यात आले. त्याचे काम शिल्पकार ज्यूल दालू यांनी हाती घेतले होते. त्यांच्या निधनानंतर कामीय लफेव्र यांनी ते पूर्ण केले. १८९५ च्या शर्यतीत ज्यांना पहिले पारितोषिक नाकारले गेले, त्या लव्हासॉर यांचा विजय या शिल्पात कोरलेला आहे.