आधी स्वतःच ‘माल’ होता, मग मुघलांची रसद अडवली: संभाजीनगर वसवणारा मलिक अंबर

ड्रायव्हरशिवाय धावणाऱ्या ट्रकचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येत असतील. गाडी कोण चालवणार यावर खूप बोललं जातं. पण माल पोहोचलाच नाही तर? छत्रपती संभाजीनगर वसवणाऱ्या मलिक अंबरने याच एका प्रश्नावर २५ वर्षं राज्य तगवलं.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला आणि मोखा, बगदाद असं हातोहात फिरत जहाजातून दख्खनेत आला. इथे निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. गंमत म्हणजे हा पेशवाही हबशीच. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला.

१६०० मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपल्यात जमा होती. अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवलं आणि लढाई सुरू ठेवली.

मुघल फौज म्हणजे चालतं-फिरतं शहर. हजारो घोडे, उंट, हत्ती. त्यांचा दाणागोटा बुऱ्हाणपूरच्या बाजूने यायचा, बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर. आजच्या भाषेत हीच त्यांची सप्लाय चेन. अंबर तोफांसमोर जायचाच नाही. त्याचे मराठा बारगीर तांड्यांवर तुटून पडायचे, वैरण आणायला निघालेल्यांना गाठायचे आणि डोंगरात पसार व्हायचे. तोफ शाबूत, पण घोडा उपाशी! १६१० मध्ये खानखानाच्या फौजेला दाण्या-वैरणीच्या टंचाईमुळेच माघार घ्यावी लागली.

त्याच सुमारास त्याने खडकी वसवली. तेच आजचं संभाजीनगर. १६१६ मध्ये मुघलांनी ते जाळलं, त्याने पुन्हा उभं केलं. हर्सूलकडचं पाणी त्याने जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. ना बैल, ना पखाल. फक्त उतार. (रील्समध्ये पाणचक्कीही त्याच्याच नावावर खपवतात. ती १८ व्या शतकातली आहे.)

१६२४ मध्ये भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या. अंबरने तलाव फोडून त्यांच्या छावणीत चिखल केला, रसद तोडली आणि मग हल्ला केला. शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने होते, त्यांचे भाऊ शरीफजी इथेच पडले.

१६२६ मध्ये, ऐंशीच्या आसपास असताना, अंबर गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्यामागे निजामशाही जेमतेम १० वर्षं टिकली.