हवाईची राणी लिलिउओकलानी

मैत्रिणींनो, झाशीची राणी आपल्या पोरीबाळींनाही पाठ आहे. हवाई बेटांच्या या राणीची कथा मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १८३८ चा तिचा जन्म. भावामागे १८९१ मध्ये गादीवर आली. साखरेच्या मळ्यांचे गोरे मालक तोवर शिरजोर झाले होते. राजाचे गेलेले अधिकार परत आणायला ती निघाली, तसे १८९३ मध्ये त्यांच्या पाठीशी अमेरिकेचे नौसैनिक उतरले. रक्तपात नको म्हणून तिने निषेध नोंदवून राज्य सोडलं. १८९५ मध्ये तिला तिच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत कोंडलं. तिथे बसून तिने काय केलं? रेशमी तुकडे जोडून गोधडी शिवली! आपल्याकडची वाकळच म्हणा ना. पुढे २१ हजारांवर लोकांनी विलीनीकरणाविरुद्ध सह्या केल्या, तरी १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं गिळलीच. १९१७ मध्ये ती वारली. अमेरिकेने माफी मागितली, ती १९९३ साली.