सिंकखालचं कपाट आणि बेकलँड

घरी सिंकखालचं कपाट फुगून उकललं. नवीन करायचं ठरलं, तेव्हा मी बाबांबरोबर प्लाय आणायला गेलो. मी लाकूड बघत होतो, सुतारकाका मात्र आतला ग्लू कोणता ते विचारत होते. त्या ग्लूच्या मागे लागलो आणि लिओ बेकलँड भेटले.

बेल्जियममधल्या घेंटचे, जन्म १८६३ चा. वडील बूट शिवायचे, आई लोकांच्या घरी काम करायची. आपण सबमिशनच्या मागे धावतो त्या वयात हे गृहस्थ डॉक्टरेट घेऊन मोकळे! १८८९ मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी वेलॉक्स नावाचा फोटोपेपर काढला, १८९९ मध्ये तो ईस्टमनला विकला आणि आलेल्या पैशातून घराजवळच प्रयोगशाळा थाटली.

तेव्हा विजेच्या इन्सुलेशनला शेलॅक वापरत, म्हणजे मुख्यतः भारतातून जाणारी लाख. तिला पर्याय हवा होता. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र केलं की एक चिवट गोळा होतो, हे बायर यांनी १८७२ मध्येच पाहिलं होतं. पण तो कशातच विरघळेना, म्हणून सोडून दिला. बेकलँडही आधी विरघळणारं व्हार्निशच करू पाहत होते. ते फारसं चाललं नाही. मग त्यांनी विचार उलटा केला: जे विरघळत नाही, तेच कामाचं! उष्णता आणि दाब काबूत ठेवून १९०७ मध्ये त्यांनी बेकेलाइट बनवलं, १९०९ मध्ये पेटंट मिळालं. १९४४ मध्ये ते वारले.

प्लायवूड काही त्यांनी शोधलं नाही. पण बीडब्ल्यूपी प्लायमधला ग्लू याच फिनॉलच्या घराण्यातला. असा प्लाय ७२ तास उकळून तपासतात. सनमायकाच्या आतल्या तपकिरी थरांतही हेच रेझिन असतं. एमआर प्लायमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइड असतं. ते दमट हवा सोसतं, पण पाणी साचलं की त्याचे बंध तुटतात. पार्टिकल बोर्डच्या कडेतून पाणी शिरलं की तो फुगतोच. आमचं जुनं कपाट त्याचंच होतं.

शेवटी सिंकखाली बीडब्ल्यूपी घेतला, वरच्या कोरड्या कपाटांना एमआर. कापलेल्या सगळ्या कडा सील करून घेतल्या. पैसेही वाचले.

आता लॅबमध्ये बीकरच्या तळाशी काही चिकटून बसलं, की ते खरवडून फेकण्याआधी मी एकदा नीट बघतो.