न मोजलेल्या हातांनी

मैत्रिणींनो, देवावर भरवसा ठेवा असं आपण एकमेकींना किती सहज सांगतो! दवाखान्याच्या बाकावर, शेजारणीच्या ओट्यावर, हप्त्याची तारीख जवळ आली की बचत गटाच्या बैठकीत. पण हा भरवसा म्हणजे नेमकं काय? हात जोडून वाट बघत बसायचं, की आणखी काही? पंडिता रमाबाईंचं आयुष्य वाचताना मला या प्रश्नाचं उत्तर सापडल्यासारखं वाटतं. ते सरळ नाही आणि सोपंही नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. सह्याद्रीच्या रानात, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकावं असं त्यांचं मत, आणि ते नुसतं बोलून न थांबता त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना शिकवायला घेतलं. लोकांना हे कुठलं पटायला! तेव्हा शास्त्रीबुवांनी रानातच बिऱ्हाड थाटलं. पुढे त्याच लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या वेळी लेकीला पाठ दिले. रमाबाईंना भागवत मुखोद्गत झालं ते आईच्या तोंडून.

पुढे घरची ओढगस्त झाली आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. या देवळात पुराण सांग, त्या घाटावर कथा कर, लोक देतील त्यावर दिवस काढ, असं वर्षानुवर्षं चाललं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. या कुटुंबानं देवाचं करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. व्रतं झाली, उपास झाले, दानधर्मात होतं नव्हतं ते संपलं. तरी घास मिळेना. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरली ती रमा आणि भाऊ श्रीनिवास.

इथं मी दर वेळी थांबते. ज्या माणसांनी जन्मभर देवाचं नाव घेतलं ती उपाशी मेली. हे बघितलेल्या पोरीनं पुन्हा देवावर विश्वास कसा ठेवायचा? पुढे रमाबाईंनी आपली हकिकत लिहिली, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट मांडली. आपण विद्वान ब्राह्मण घरातले, म्हणून हलकं समजलेलं काम करायची लाज वाटायची. पोट भरायला लागणारं दुसरं काही आपल्याला शिकवलेलं नव्हतं. सगळे श्लोक पाठ, पण दोन हातांनी भाकरी मिळवायची कशी ते ठाऊक नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे केडगावात तिचा धागा सापडेल.

भाऊबहीण पायी हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. अंगावर धड कपडा नव्हता, पण जिभेवर संस्कृत होतं. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. गावानं आईच्या ज्या शिकण्याला नावं ठेवली, तेच शिकणं लेकीच्या कामी आलं.

सुख मात्र टिकलं नाही. १८८० साली श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ साली मनोरमा झाली आणि १८८२ च्या सुरुवातीला पटकीच्या आजारानं पतीही गेले. चोविसाव्या वर्षी वैधव्य, पदरात लहान लेक आणि माहेर म्हणावं असं कुणीच नाही.

त्या पुण्याला आल्या. १८८२ साली आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला होता. त्याच्यापुढे त्यांनी साक्ष दिली आणि बायकांसाठी शिक्षिका हव्यात, बायकांसाठी डॉक्टर बायका हव्यात असं ठासून सांगितलं. स्वतः डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनात होतं. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून वाटखर्च उभा केला आणि १८८३ साली मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या.

तिथं गेल्यावर डॉक्टरकीचं दार बंद झालं, कारण कानांनी दगा दिला. ऐकू फार कमी येऊ लागलं होतं. समुद्र ओलांडून गेलेल्या बाईचं केवढं मन मोडलं असेल! पण दार बंद झालं म्हणून त्या परत फिरल्या नाहीत. शिकवण्याकडे वळल्या. त्या डॉक्टर झाल्या असत्या तर शेकडो रोगी बरे झाले असते, यात शंका नाही. न झाल्यामुळे मात्र पुढची शाळा उभी राहिली.

इंग्लंडमध्येच, १८८३ च्या सप्टेंबरात, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपल्याकडे पुष्कळ घरांत रमाबाईंचं नाव इथंच गळलं. मला वाटतं, त्यांचा धर्म हा त्यांचा आणि देवाचा प्रश्न. तो आपल्याला पटो न पटो, त्यांचं काम बघायला काय हरकत आहे?

१८८६ साली त्या अमेरिकेत पोचल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. तिथं त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती सांगणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली. १८८७ साली बोस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी मंडळ स्थापन झालं. पैसा आला तो काही कुबेराच्या थैलीतून नव्हे. गावोगावच्या साध्यासुध्या अमेरिकन बायकांनी दर वर्षी थोडी थोडी रक्कम, अशी दहा वर्षं द्यायचं कबूल केलं. आपल्या बचत गटासारखंच म्हणा ना! त्या चिल्लरीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं.

सदनात पहिली आलेली विधवा कोण? गोदूबाई जोशी. बालपणीच वैधव्य आलेली. अशा विधवेचं तोंड सकाळी बघू नये असं मानण्याचा तो काळ. सदनात ती अक्षर शिकली. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे, सगळ्यांची बाया कर्वे, झाली. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. त्यासाठी बायांनीही हिंडून पैसा गोळा केला. १९१६ साली महिला विद्यापीठ उभं राहिलं. आज ज्या मुली तिथून पदव्या घेऊन बाहेर पडतात, त्यांच्या शिकण्याच्या वाटेवर कुठेतरी ही गोदूबाई उभी आहे. सदनाच्या पायरीवर ती पहिल्यांदा आली, तेव्हा हे कुणाच्या स्वप्नात तरी होतं का?

सदन पुण्याला हलल्यावर १८९३ साली मोठं वादळ उठलं. मुलींना बाटवतात असा आरोप झाला. वर्तमानपत्रांतून टीका झाली, सल्लागार मंडळातल्या रानडे, भांडारकरांसारख्या मोठ्या माणसांनी अंग काढून घेतलं, पालकांनी बऱ्याच मुली परत नेल्या. टीका करणाऱ्यांची भीती अगदीच निराधार होती असंही म्हणता येत नाही, कारण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसत आणि पुढे काही जणींनी धर्म बदललाही. ज्या आईबापांनी विश्वासानं मुली ठेवल्या त्यांना ते बोचलं, हेही समजून घ्यायला हवं. पण परत नेलेल्या मुलींच्या शिक्षणाचं पुढे काय, हा प्रश्न रमाबाईंना सलत राहिला.

आता केडगावची गोष्ट. अमेरिकेची मदत दहा वर्षांपुरतीच होती. पुढची सोय म्हणून रमाबाईंनी पुण्यापासून रेल्वेनं जाता येईल अशा केडगावला जमीन घेतली. फळझाडं लावायची, फळं विकायची आणि त्यावर सदन चालवायचं, एवढाच साधा हिशेब. जमीन माळरानाची. विहिरी खणल्या, झाडं लावली.

तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या ऐकून रमाबाईंना आपलं बालपण आठवलं नसेल तरच नवल. त्या स्वतः तिकडे गेल्या. रस्त्यात, झाडाखाली पडलेल्या, वाईट माणसांच्या हाती सापडू पाहणाऱ्या मुली आणि बायका गोळा केल्या. अशा सुमारे तीनशे जणी त्यांनी आणल्या. ठेवायचं कुठं? पुण्यात प्लेगचा कहर. अधिकारी म्हणाले, एवढी माणसं शहरात ठेवता येणार नाहीत. नाइलाजानं सगळ्या केडगावच्या शेतात गेल्या आणि झोपड्यांत राहिल्या.

बघा कसं जुळून आलं. फळांसाठी घेतलेली जमीन माणसांच्या कामी आली. शहरातून बाहेर काढणारा हुकूम त्या पोरींच्या हक्काच्या घराचं कारण ठरला. त्या घराचं नाव मुक्ती. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथल्याही मुली आल्या आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. उद्याच्या पिठाची चिंता असायचीच. रमाबाई प्रार्थना करायच्या, आणि देव आज ना उद्या कुणाच्या तरी हातून पाठवील अशी त्यांची खात्री असायची.

पण मैत्रिणींनो, त्या नुसत्या प्रार्थना करत बसल्या नाहीत. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला धागा इथं आहे. मुक्तीत प्रत्येक मुलीला अक्षर आणि हातचं काम दोन्ही शिकावं लागे. कुणी मागावर बसे, कुणी तेलाच्या घाण्यावर, कुणी गाईम्हशी बघे, कुणी शेतात, कुणी स्वयंपाकघरात. कुठलंच काम हलकं नाही. वडिलांच्या घरात जे शिकवायचं राहून गेलं, ते रमाबाईंनी दोन हजार लेकींना शिकवलं. अंध मुलीही त्यात होत्या. अमेरिकेत शिकून आलेल्या मनोरमेनं त्यांना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली.

मुक्तीत छापखानाही होता. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करायला घेतलं. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळावं अशी साधी भाषा त्यांना हवी होती. हे काम वर्षानुवर्षं चाललं. खिळे जुळवायला कोण? मुक्तीतल्याच बायका. दुष्काळात रस्त्याच्या कडेला पडलेल्या, एके काळी अक्षर न ओळखणाऱ्या पोरींनी तो प्रचंड ग्रंथ एकेक खिळा लावून छापला. कुणाचा धर्म कुठलाही असो, हे चित्र डोळ्यांपुढे आणलं की ऊर भरून येतो.

देवानं रमाबाईंना दुःखातून सुटका दिली असं मात्र नाही. मनोरमा आईचा उजवा हात. गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढण्यापर्यंत तिनं काम वाढवलं होतं. आईनंतर तीच सगळं बघणार हे ठरल्यासारखं होतं. १९२१ च्या जुलैमध्ये ती गेली. तेव्हा ती अवघी चाळीस वर्षांची होती. त्रेसष्ट वर्षांच्या आईनं लेक गमावली आणि पुन्हा भाषांतराच्या कागदांपुढे बसली. काम हातावेगळं झाल्यावर, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी डोळे मिटले. केडगावचं मुक्ती मिशन आजही काम करतं. १९८९ साली टपाल खात्यानं रमाबाईंचं तिकीट काढलं.

मग भरवसा म्हणजे काय? रमाबाईंच्या आईवडिलांचाही देवावर भरवसा होता, त्यांच्या श्रद्धेत काही खोट होती असं म्हणायला माझी जीभ धजणार नाही. तिघं का गेली, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पण त्यांच्या लेकीनं त्या अनुभवातून देव सोडला नाही आणि हातही बांधून ठेवले नाहीत. देव मदत पाठवतो, पण ती वाजतगाजत येत नाही, असं तिच्या आयुष्याकडे बघून वाटतं. कधी ती अनोळखी बायकांच्या चिल्लरीतून येते, कधी न ऐकणाऱ्या कानांतून, कधी पायरीवर बिचकत उभ्या राहिलेल्या एका बालविधवेच्या रूपानं येते. आपण ती ओळखली पाहिजे आणि दार उघडलं पाहिजे.

तुमच्या गल्लीतही अशी एखादी असेल. नवऱ्यानं टाकलेली, शाळा सुटलेली, चारचौघांत कुणी विचारात न घेतलेली. देवाकडे मागताना आपण वर बघतो. एकदा शेजारच्या दाराकडेही बघू या.