फाळाची परीक्षा

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव आमच्या अकलूजच्या बाजूला लोखंडी नांगराशी जोडूनच घेतलं जातं. नीरा उजव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि इथल्या काळ्या जमिनीला खोल नांगरट हवी झाली. हरळी-कुंद्याच्या मुळ्या लाकडी नांगराला दाद देत नसत.

हे लक्ष्मणराव निघाले होते चित्रकार व्हायला! जन्म १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकताना त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, हे कळलं. रंग सुटले, पण यंत्रांची रेखाटनं हातात राहिली. पुढे बेळगावात सायकलींचं दुकान आणि १९०३ मध्ये पहिला लोखंडी नांगर.

लोखंडानं जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत. नांगर खपायला दोन वर्षं लागली. अशा वेळी ऐन नांगरटीत एक फाळ तुटला असता, तर सारा गाव म्हणाला असता, बघा, आम्ही सांगत नव्हतो?

फाळ तुटतो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. बिडाचा रस साच्यात ओतला की पातळ कड आधी थंड होते, जाड भाग मागाहून. मागून आकसणारा भाग आधी घट्ट झालेल्याला ओढतो आणि ही ओढ आत कोंडून राहते. वरून वस्तू धडधाकट दिसते. त्यात गंधक जास्त असेल तर बीड पांढरं, कठीण नि ठिसूळ होतं, अधिक आकसतं आणि ओढ वाढते. पिकाला आपण देतो ते स्फुरद बिडात बेतानं असलं, तर रस साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. प्रमाण वाढलं की तेच बीड काचेसारखं तडकतं.

आजच्या अतिबळकट पोलादाचीही यातून सुटका नाही. त्यात अडकलेला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा सूक्ष्म कण थंड होताना भोवतालच्या पोलादाइतका आकसत नाही, म्हणून त्याच्याभोवती ताण उरतो. पोलाद जितकं बळकट, तितकी अशा कणापासून तडा जाण्याची भीती मोठी.

१९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. निवडुंग नि सापांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तिथं नांगरांबरोबर उसाचे चरकही होऊ लागले. अस्पृश्यता लक्ष्मणरावांनी वाडीत शिरू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्यांनाही त्यांनी काम दिलं, विश्वास टाकला.

मला या माणसाचं मोठेपण इथं दिसतं. धातूतला दोष किती चालेल, हे काट्यावर तोलावं लागे. माणसाच्या अंगच्या डागाला मात्र त्यांनी काटा लावला नाही. १९५६ मध्ये ते गेले. तोवर लोखंडी नांगराला विषारी म्हणणारा शेतकरी शोधून सापडला नसता.