एका मुठीचा हिशेब

संतांच्या चरित्रांतील चमत्कार लोकांच्या स्मरणात राहतात आणि त्यांची दिनचर्या मात्र विसरली जाते. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. आज ते जांबसमर्थ या नावाने ओळखले जाते. शके १५३० मध्ये, म्हणजे इ. स. १६०८ मध्ये, रामनवमीच्या दिवशी तेथे सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण नावाचा मुलगा जन्मला. पुढे तोच समर्थ रामदास झाला. त्यांच्या बलोपासनेविषयी आणि राजकारणाविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु सुमारे त्र्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात या पुरुषाने जगाकडून किती घेतले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक आजच्या काळाला तोच प्रश्न अधिक जवळचा आहे.

वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बाराव्या वर्षी लग्नाच्या मांडवातून नारायण निघून गेला आणि नाशिकजवळ, गोदावरी व नंदिनी यांच्या संगमावर टाकळी येथे राहिला. तेथे बारा वर्षे साधना चालली. पहाटेपासून नदीच्या पाण्यात उभे राहून जप, दुपारी पंचवटीत माधुकरी, नंतर अध्ययन असा तो क्रम होता. माधुकरी या शब्दातच त्या जीवनाचे अर्थशास्त्र साठवले आहे. मधमाशी अनेक फुलांवर बसते, प्रत्येकातून थोडे घेते आणि एकही फूल कोमेजू देत नाही. कोणत्याही एका घराच्या चुलीवर आपला भार पडू नये, ही त्यामागील दृष्टी होय.

टाकळीनंतर बारा वर्षे देशभर भ्रमण झाले. १६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णाकाठी आले. १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभे राहिले, ठिकठिकाणी मारुतींची स्थापना झाली, मठांचे जाळे विणले गेले. आता शिष्य होते, मान होता, देणारे हात होते. तरीही भिक्षेचा नियम सुटला नाही. दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर एक स्वतंत्र समास आहे. निःस्पृहाला त्यांनी घालून दिलेली शिस्त अशी की, कोणी पुष्कळ आणून पुढे ठेवले तरी त्यातून मूठभरच उचलावे. मिळत नाही म्हणून थोडक्यात भागवणे ही परिस्थिती असते. समोर रास असताना एका मुठीवर हात थांबणे हा संस्कार असतो. या दोहोंतील अंतर ज्याला कळले, त्याला काटकसर आणि कंजूषपणा यांतील अंतरही वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

वस्तूंविषयी समर्थांची वृत्ती उदासीन नव्हती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. वैराग्य म्हणजे वस्तूंची हेळसांड, असे त्यांनी मानले नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ लेखनक्रियेला वाहिलेला आहे. शिक्षकांनी आणि कारकुनांनी तो आवर्जून वाचावा असा आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. कागदाच्या चहूबाजूंनी कोरी जागा सोडावी, म्हणजे कडा झिजून झडल्या तरी मजकुराला धक्का लागत नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही. कागद हाती घेतानाच त्याच्या जीर्ण अवस्थेचा आणि लिहिणाऱ्याच्या वार्धक्याचा विचार करणारी ही दृष्टी आहे. कागद दुर्मीळ होता म्हणून ती आली, असे कोणी म्हणेल. परंतु वस्तू मुबलक झाली म्हणजे तिच्यासाठी खर्ची पडलेले झाड, पाणी आणि श्रम मुबलक होत नाहीत. अर्ध्या कोऱ्या राहिलेल्या वह्या दर जूनमध्ये रद्दीत जातात, तेव्हा याचेच विस्मरण झालेले असते.

१६७६ मध्ये समर्थ परळीच्या किल्ल्यावर, म्हणजे सज्जनगडावर, राहावयास आले. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या वापरातील म्हणून जतन केलेल्या वस्तू आजही गडावर पाहावयास मिळतात. कुबडी, वल्कल, पिकदाणी, पलंग आणि पाणी आणण्याचे मोठे हंडे, असा तो संसार आहे. हे हंडे भरून कल्याणस्वामी पाणी आणीत, अशी परंपरा सांगते. एवढी वर्षे झाली तरी हंडे टिकले आहेत. गडाखालून पाणी चढवून आणणाऱ्याला त्यातील थेंबाची किंमत वेगळी सांगावी लागली नसेल.

पाण्याचा हा संदर्भ जांबच्या परिसराला परका नाही. ज्या गोदावरीत समर्थांनी बारा वर्षे जप केला, तीच पुढे घनसावंगी तालुक्याच्या दक्षिणेकडून वाहते. टाकळी आणि हा तालुका यांच्या दरम्यान, पैठणला, जायकवाडीचे धरण आहे. वरच्या भागाने किती पाणी घ्यावे आणि खाली किती सोडावे, हा वाद टंचाईच्या वर्षी हमखास पेटतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे डोळ्यांदेखत जळाली. वरच्याने खालच्यासाठी हात आवरावा, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु खालच्या भागातही विहिरीच्या वरच्या बाजूचा शेतकरी आणि खालच्या बाजूचा, बारमाही ऊस आणि हंगामी ज्वारी, नळ असलेले घर आणि टँकरची वाट पाहणारी वस्ती, असे वर-खाली असतेच. माधुकरीचा नियम प्रत्येक पायरीवर लागू पडतो.

अर्थात या चरित्राचा उपयोग सांभाळून केला पाहिजे. ऊसतोडीसाठी दरवर्षी बिऱ्हाड पाठीवर घेऊन घर सोडणाऱ्या कुटुंबाला काटकसरीचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा ठरेल. त्याच्याजवळ सोडण्यासारखे काही नाही. नियम आहे तो ज्याच्यापुढे रास आहे त्याच्यासाठी. शिवाय संन्याशाचे जिणे गृहस्थाने जगावे, असेही समर्थांनी सांगितले नाही. आधी संसार नीट करावा, मग परमार्थाकडे वळावे, हीच त्यांची शिकवण होती. संसार नीट करणे यात शिल्लक राखणेही आले, आणि ती शिल्लक केवळ बँकेतील नव्हे, तर विहिरीतील आणि रानातीलही होय.

२०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. बाजारात अद्याप त्या दिसतात, कारण कायदा पिशवी जप्त करू शकतो, पण घरातून निघताना कापडी पिशवी खांद्याला लावणारी सवय तो देऊ शकत नाही. लग्नाच्या पंगतीत पानावर टाकलेल्या अन्नाचेही तसेच. ही सवय घरात आणि शाळेत लागते, आणि मोठ्यांच्या वागण्यातून लागते. समर्थांच्या नावाचा जयजयकार करणे सोपे आहे. वाढणाऱ्याचा हात पुढे येत असताना, आता पुरे, असे म्हणून पानावर हात आडवा धरणे तेवढे सोपे नाही. परंतु जांबच्या त्या मुलाने आयुष्यभर जो हिशेब सांभाळला, तो त्या आडव्या हातातच आहे.